बसमध्ये ‘इच, नी, सान’ म्हणायला कोणी नसतं

प्रश्न :

ताई, मी एकोणीस वर्षांची आहे. मूळची सांगली जिल्ह्यातली, आता पुण्यात होस्टेलला राहून बी.कॉम. करते. सहावीपासून शोतोकान कराटे शिकते आहे. दहावी-बारावीला खंड पडला, तरी सोडलं नाही. सध्या ब्राऊन बेल्ट आहे. आठवड्यातून तीन दिवस सकाळी सहाचा क्लास असतो आणि शनिवारी सरांच्या सांगण्यावरून लहान मुलींची सेल्फ डिफेन्सची बॅच मी घेते.

तीन आठवड्यांपूर्वी संध्याकाळच्या गर्दीत शहर बसमध्ये एक माणूस मागे उभा राहून मला हात लावत होता. माझ्या बाबांच्या वयाचा असेल. चार स्टॉप हे चाललं. मी ओरडले नाही, वळले नाही, त्याचा हातही झटकला नाही. दांडा धरून नुसती उभी राहिले. खाली उतरल्यावर पाय लटलट कापायला लागले. तेव्हापासून ती बस घेत नाही, चालत जाते.

कोणाला सांगितलेलं नाही. आईला कळलं तर ती घरी बोलावून घेईल. सरांना सांगायची लाज वाटते. दोन महिन्यांवर ब्लॅक बेल्टची परीक्षा आली आहे आणि कमरेला बेल्ट बांधताना आपण फसवतोय असं वाटतं. रूममेटला मी नुसतं विचारलं की कराटेचा खरा उपयोग होतो का, तर ती म्हणाली, तो नुसता नाच आहे, किकबॉक्सिंग लाव. माझी आठ वर्षं फुकट गेली का? आणि शनिवारी त्या मुलींसमोर कुठल्या तोंडाने उभी राहू?

उत्तर :

बाळ,

सगळ्यात आधी एक गोष्ट सांगते, आणि ती आज रात्री झोपण्यापूर्वी परत एकदा वाच. त्या बसमध्ये गुन्हा घडला आणि तो त्या माणसाने केला. तू गप्प उभी राहिलीस म्हणून त्यातला गुंजभरही वाटा तुझ्याकडे येत नाही. गप्प राहणं म्हणजे चालवून घेणं, असा अर्थ तो काढेल; तू काढू नकोस. तुझं पत्र बघ, सगळीकडे ‘मी हे केलं नाही, मी ते केलं नाही.’ त्याच्याबद्दल जेमतेम दोन वाक्यं आहेत. तीन आठवडे तू आरोपीच्या पिंजऱ्यात एकटीच उभी आहेस आणि तो मजेत घरी जेवतोय.

तुला जे झालं त्याला आपल्या भाषेत फार जुने शब्द आहेत. दातखीळ बसली, हातपाय गळाले, जागच्या जागी थिजले. भीतीपुढे माणूस पळतो किंवा भांडतो असं हल्ली शिकवतात, पण आपल्या आज्या-पणज्यांना तिसरा प्रकारही माहीत होता. कुत्र्याची चाहूल लागली की ससा आधी गोठतो, कारण हलणारा जीव पटकन दिसतो. माणसाच्या मेंदूत ती जुनी व्यवस्था अजून शाबूत आहे. ‘आता काय करू’ हा विचार पुरता होण्याआधी ती शरीराचा ताबा घेते. तू ‘काही करायचं नाही’ असं ठरवलंस, हे खरं नाही. तुला ठरवायला वेळच मिळाला नाही. आणि उतरल्यावर पाय कापले ते भित्रेपणामुळे नव्हे. लढायला, पळायला जे बळ अंगात उसळलं होतं, ते तसंच साठून राहिलं होतं.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. ब्लॅक बेल्ट मिळून मला पाच वर्षं झाली होती आणि स्वतःचा क्लास सुरू करून तीन. एका संध्याकाळी भाजी घेऊन घरी निघाले होते. मोटरसायकल जवळून गेली, मागे बसलेल्याने माझं मंगळसूत्र ओढलं आणि ते निघून गेले. मी उभी. हातातली पिशवीसुद्धा सुटली नाही, मेथीची जुडी होती तशी. समोरच्या दुकानदाराने हाक मारली तेव्हा भान आलं. गळ्यावरचा ओरखडा आठवड्यात भरला, पण ‘मी शिकवते काय आणि माझं झालं काय’ हा प्रश्न मी दोन वर्षं कोणाला सांगितला नाही. म्हणून तुझी लाज मला अगदी आतून ओळखीची आहे.

त्या घटनेनंतर दुसऱ्या दिवशी सकाळी मी नेहमीसारखी क्लासवर गेले. मुलं रांगेत उभी राहिली. मी ‘इच’, म्हणजे जपानीत एक, म्हटलं, चाळीस मुठी सुटल्या. ‘नी’ म्हटलं, चाळीस मुठी सुटल्या. मधेच मला काय वाटलं कोण जाणे, मी गप्प झाले. आणि चाळीस मुलं झेन्कुत्सु-दाचीमध्ये, पुढचा गुडघा वाकवून, तशीच थांबून राहिली, माझ्या तोंडाकडे बघत. तेव्हा मला कळलं की आदल्या संध्याकाळी मीसुद्धा अशीच थांबले होते. कोणीतरी आकडा म्हणेल याची वाट बघत.

आता तुझा क्लास आठव. सर ‘योई’, म्हणजे तयार राहा, म्हणतात, मग ‘हाजिमे’, म्हणजे सुरू करा. आकड्यावर पंच, आकड्यावर ब्लॉक, दहाव्या आकड्याला कियाई, म्हणजे पोटातून मोठ्याने ओरडणं. ‘यामे’ म्हटलं की सगळं शांत. गोहोन कुमितेत, म्हणजे पाच पावलांच्या ठरवून केलेल्या लढतीत, समोरचा आधी ‘जोदान’ असं सांगतो आणि मगच डोक्याच्या उंचीवर मारत पाच पावलं पुढे येतो. आधी वाकून नमस्कार, नंतर वाकून नमस्कार. या सगळ्यात हजारो वेळा तुझ्या शरीराने एक गोष्ट पाठ केली आहे : कोणीतरी वडीलधारं माणूस परवानगी देईल, मग मी हलेन. बसमध्ये ‘इच’ म्हणायला कोणी नव्हतं. उलट, ज्याच्यापासून धोका होता तोच वडीलधारा होता. तुझं शरीर शिकवलेलं विसरलं नाही, त्याने शिकवलेलंच केलं.

हे रांगा आणि आकडे मुळात आले कसे, तेही सांगते, कारण त्याने तुझा बराच राग निवेल. ओकिनावा बेटावर पूर्वी एक गुरू आणि दोन-चार शिष्य, तेही बहुधा घराच्या अंगणात, अशी शिकवण चाले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आंको इतोसु यांनी तिथल्या शाळांमध्ये कराटे नेलं. शाळेतल्या मुलांना एकदम शिकवायचं म्हणून त्यांनी सोपे काता, म्हणजे हालचालींचे ठरलेले क्रम, बांधले. तू पहिल्या परीक्षेपासून करतेस ते हेइयान हेच. १९२२ मध्ये गिचिन फुनाकोशी यांनी टोकियोत प्रात्यक्षिक दिलं आणि कराटे जपानच्या मुख्य भूमीवर रुजलं. तेही पेशाने शाळामास्तर. त्यामुळे आपला क्लास कवायतीसारखा दिसतो आणि त्यात मोठा फायदाही आहे. शंभर मुलांची पाठ, गुडघे, श्वास, शिस्त एकाच वेळी घडते. तुझं अंग जे आज एवढं तयार आहे ते त्या कवायतीनेच. आठ वर्षं फुकट गेलेली नाहीत. पण त्या आठ वर्षांत एक विषय शिकवलाच गेला नाही आणि त्याच विषयाची परीक्षा बसमध्ये आली.

‘कराते नी सेन्ते नाशी’ हे फुनाकोशींचं वाक्य तुमच्याही हॉलच्या भिंतीवर असेल. कामाकुराच्या एन्गाकु-जी मंदिरातल्या त्यांच्या स्मारकाच्या दगडावर तेच कोरलं आहे. कराटेत पहिला वार नसतो. मुलींना हे शिकवताना आपण शिक्षक मंडळी एक चूक करतो, मीही वर्षानुवर्षं केली. पहिला वार म्हणजे ठोसा, असंच मुलींच्या मनात बसतं. त्यामुळे समोरच्याने ठोसा मारेपर्यंत आपल्याला हालचालीचा हक्क नाही असं वाटत राहतं. बाळ, त्याचा हात तुझ्या अंगावर आला तोच पहिला वार होता. त्यानंतर तू जे काही करशील ते उत्तर.

अंतराचाही भाग आहे. क्लासमध्ये जोडीदार दोन हातांच्या अंतरावर असतो, तेवढी मा-आइ सांभाळायला आपण शिकतो. बसमध्ये वीतभरही जागा नसते, खांद्याला सॅक, एक हात दांड्याला. तिथे पाऊल टाकून ओइ-झुकीचा ठोसा कुठून मारणार आणि माए-गेरीची लाथ कुठून काढणार? पण तुला तेक्की शोदान हा काता येतो. ब्राऊन बेल्ट आहेस म्हणजे शेकडो वेळा केला असशील. आज होस्टेलच्या खोलीत पाठ भिंतीला टेकवून तो हळूहळू करून बघ. दोन्ही पाय फाकवून किबा-दाची, पुढे-मागे एकही पाऊल नाही, सगळी हालचाल आडवी. धावत्या बसमध्ये तू तोल सांभाळायला जशी उभी राहतेस तसंच ना ते? त्यातली कोपराची एम्पी आठव, उचलून परत खाली येणारा पाय आठव. हेइयान शोदानमध्ये उजवीकडे वळून गेदान-बराईने खालचा वार अडवल्यावर मूठ मागे खेचून वरून गोल हातोडा मारतो, तो कितीतरी शिक्षक पकडलेलं मनगट सोडवण्याचा म्हणून समजावतात. जवळून करायच्या गोष्टी तुझ्या कातांमध्ये आधीपासून आहेत. त्या दुसऱ्याच्या अंगावर, दाटीवाटीत, कोणी न सांगता करून बघायच्या राहिल्या आहेत.

आता कसं करायचं ते सांगते. माझ्या क्लासमध्ये गेली वीस-बावीस वर्षं महिन्यातून एक गुरुवार बसचा असतो. हॉलमधल्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या दोन-दोनच्या ओळींत मांडायच्या, मधे जेमतेम एक माणूस जाईल एवढी वाट. दहा-बारा जणी खुर्च्यांवर, सात-आठ जणी वाटेत उभ्या. कराटेचा ड्रेस नाही, रोजचे कपडे, खांद्यावर खरी सॅक, त्यात खरी पुस्तकं. मोबाइलवर रहदारीचा आवाज मोठ्याने लावायचा. एक जण कंडक्टर होऊन ‘पुढे चला, पुढे चला’ करत फिरते. त्या गर्दीत ‘तो माणूस’ एक सिनियर मुलगी होते. कोण ते इतरांना माहीत नसतं. ती कधी हात लावेल, कोणाला लावेल, लावेल की नाही, हेही नाही. हात फक्त खांद्याला किंवा सॅकला लावायचा, दुसरीकडे कुठेही नाही, आणि कुठल्याही क्षणी कोणीही ‘यामे’ म्हटलं की सगळं थांबतं. हा नियम पक्का.

पहिल्या दिवशी काय होतं सांगू? काहीच होत नाही. हात लागतो आणि मुली उभ्या राहतात. काही हसतात. एकदा एक पोरगी, राज्य पातळीवर कुमितेत पदक आणलेली, हात खांद्यावर आल्यावर म्हणाली, ‘सॉरी काका.’ कोणी हसलं नाही, कारण प्रत्येकीने तिच्या जागी स्वतःला बघितलं होतं.

हा ‘काका’ नीट समजून घे. लहानपणापासून मोठ्या माणसाला अहो-जाहो करायचं, वळून बोलायचं नाही, हे आपल्या तोंडात इतकं मुरलेलं असतं की धोक्याच्या वेळी जीभ आधी तिकडेच जाते. ‘काका, जरा मागे सरकता का?’ या वाक्यात विनंती आहे, आणि त्याला त्या विनंतीशी काही देणं-घेणं नाही. म्हणून आम्ही वाक्यही पाठ करून घेतो. ‘ए, हात काढ!’ अरे-तुरेतच. छोटं, पोटातून, कियाई जिथून येतो तिथूनच. त्यानंतर कपड्याचा रंग : ‘निळा शर्ट, हात काढ!’ म्हणजे आसपासचे सगळे त्याच्याकडे बघतात, तुझ्याकडे नाही. मग मदत मागायची, पण ‘कोणीतरी मदत करा’ अशी हवेत नाही. एका माणसाला बोट दाखवून, ‘हिरव्या साडीतल्या मावशी, मला तुमच्याजवळ येऊ द्या. कंडक्टर, बस थांबवा.’ नेमकं कोणाला तरी सांगितलं की ते माणूस हलतं, हे मी प्रत्यक्ष बघत आले आहे.

आवाज हा सगळ्यात अवघड भाग आहे. तू आठ वर्षं कियाई दिलास, पण पन्नास जणांच्या गजरात आणि ठरल्या जागी. एकटीने, अनोळखी लोकांत, कोणी न सांगता ओरडणं हे वेगळं काम आहे, त्याचा सराव वेगळा. गच्चीवर एकटी जा, ते वाक्य दहा वेळा म्हण. पहिल्यांदा घसा चोंदेल, डोळ्यांत पाणी येईल, येऊ दे. मग मैत्रिणीसमोर म्हण. मग क्लासमध्ये, सगळ्यांसमोर, एकटीने.

आणि हात केव्हा चालवायचा? आवाज दिला, जागा बदलली, तरी तो सोडत नसेल, धरून ठेवत असेल, तर कोपर मागे बरगड्यांत, टाच पायाच्या बोटांवर, आणि बाहेर. तिथे थांबून हिशेब चुकता करत बसायचं नाही. स्वतःच्या शरीराचं रक्षण करण्याचा हक्क तुला भारतीय न्याय संहितेने दिला आहे. गरजेपुरतं बळ वापरायचं एवढीच त्याची अट.

असा सराव खरंच कामाला येतो का, असं तुला वाटेल. २०१५ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये एक अभ्यास छापून आला होता. कॅनडातल्या तीन विद्यापीठांमधल्या पहिल्या वर्षाच्या ८९३ मुली. त्यांतल्या निम्म्यांना तीन-तीन तासांची चार सत्रं दिली, बाकीच्यांना माहितीपत्रकं. पुढच्या वर्षभरात बलात्काराला बळी पडलेल्या मुलींचं प्रमाण माहितीपत्रकवाल्यांमध्ये शंभरात ९.८ होतं, सत्रं घेतलेल्यांमध्ये ५.२. आता त्या बारा तासांत काय होतं ते बघ. हातापायांचे डाव एका सत्रात. बाकीचा वेळ धोका आधी ओळखणं, ओळखीच्या माणसाला नाही म्हणताना मनात जे अडतं ते मोकळं करणं, आणि स्वतःची इच्छा स्पष्ट ठाऊक असणं यावर. तुझ्या हातापायांचं सत्र आठ वर्षं झालं आहे. उरलेली सत्रं राहिली आहेत.

म्हणून रूममेटला सांग की कराटे नाच नाही, पण तिच्या बोलण्यात एक कण खरा आहे. जिथे समोरचा माणूस खरोखर विरोध करतो, ढकलतो, धरतो, अशा ठिकाणी थोडे दिवस घालवले तर फायदाच होईल. मला विचारशील तर किकबॉक्सिंगपेक्षा तू दोन-तीन महिने ज्युदो करावास. तिथे पहिल्या दिवसापासून कोणीतरी कॉलर धरतं, बाही धरतं, अंगाला अंग लागतं. परक्या माणसाची पकड अंगावर आली की शरीर जे दचकतं, ते तिथल्या रोजच्या रँदोरीत, म्हणजे मोकळ्या झटापटीच्या सरावात, हळूहळू कमी होतं. कराटे सोडून नको, जोडीला. परीक्षा झाल्यावर कर, आत्ता दोन्हीची ओढाताण नको.

परीक्षेला बस. या बाबतीत माझ्या मनात अजिबात शंका नाही. शोदान, म्हणजे ब्लॅक बेल्टची पहिली पायरी, या शब्दातल्या ‘शो’चा अर्थच आरंभ. ‘दान’ म्हणजे या पायऱ्या; त्या देण्याची पद्धत ज्युदोच्या जिगोरो कानो यांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी सुरू केली. ते शिक्षकच होते, आणि विद्यार्थी किती शिकला हे ओळखायला त्यांना एक खूण हवी होती. फुनाकोशींनी ती उचलली आणि १९२४ मध्ये आपल्या शिष्यांना पहिले दान दिले. कोणापुढे कधीच थिजणार नाही अशी हमी त्या पट्ट्यात तेव्हाही नव्हती. तुझ्या परीक्षकांना तू काता, किहोन म्हणजे मूळ तंत्रं, आणि कुमिते दाखवायचे आहेत आणि ते तुला येतात. त्यात फसवणूक कुठे आली?

सरांशी मात्र परीक्षेआधी बोल. सगळं सांगायलाच पाहिजे असं नाही. ‘सर, बसमध्ये एका माणसाने त्रास दिला आणि मला काहीच करता आलं नाही. असं होऊ नये म्हणून सराव करायचा आहे, आपल्या क्लासमध्ये करू या का?’ एवढं पुरे. चांगला शिक्षक असेल तर त्याला वाईट वाटेल आणि तो कामाला लागेल. ‘एवढा बेल्ट असून?’ असं म्हणाला, तर उणेपणा त्याच्याकडे आहे हे मनात पक्कं धर आणि क्लासमधल्या एखाद्या सिनियर ताईकडे जा.

आईचं काय करायचं, यावर मी थोडी अडखळले. एकोणीस वर्षांच्या मुलीला आईला काय सांगावं हे परक्या बाईने ठरवू नये. पण एक विचारते. तुझ्या आईने कधी एसटीच्या गर्दीत प्रवास केलाच नसेल का? मी माझ्या आईला मंगळसूत्राचं खरं काय झालं ते दोन वर्षांनी सांगितलं, तेव्हा ती भांडी घासत होती. हात न थांबवता तिने तिच्या तरुणपणीची एक गोष्ट सांगितली, जी तिने तोवर कोणालाच सांगितली नव्हती. तुझी आई परत बोलावेल ही भीती खरी असेलही. म्हणून सांगताना नुसती घटना सांगू नकोस. ‘मी सरांशी बोलले, सराव सुरू केला, मैत्रिणीबरोबर जाते’ हेही त्याच फोनमध्ये सांग. फोन करायचा तर बाबा घरी नसताना कर, म्हणजे ती मोकळेपणी बोलेल.

पोलिसांचं थोडक्यात. असा स्पर्श हा भारतीय न्याय संहितेच्या ७४ आणि ७५ या कलमांखाली गुन्हा आहे. तीन आठवडे झाले म्हणून तक्रार करता येत नाही असं नाही, आणि ती कुठल्याही पोलीस ठाण्यात देता येते. जबाब महिला अधिकारी घेईल असा आग्रह तू धरू शकतेस. तक्रार द्यायची की नाही हा निर्णय तुझा. नाही दिलीस तरी कोणी तुला कमी लेखू नये. पण त्याचं वर्णन, बसचा मार्ग, वेळ आणि वार आजच वहीत लिहून ठेव, आठवण पुसट व्हायच्या आत. पुढे कधी असं झालं तर ११२ नंबर लक्षात असू दे. आणि रात्री झोप येत नसेल, ते चार स्टॉप परत परत डोळ्यांसमोर येत असतील, तर १४४१६ या टेली-मानसच्या, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या, नंबरवर फोन कर, मराठीतून बोलता येतं. माझ्या वेळी असं काही नव्हतं. असतं तर मी दोन वर्षं वाट बघितली नसती.

आता शनिवारच्या मुली. तू त्यांच्यासमोर कुठल्या तोंडाने उभी राहशील असं विचारलंस. याच तोंडाने. त्यांना आजपर्यंत तू मनगट सोडवायला शिकवलंस, पण त्यांच्यातली कोणीतरी कधीतरी थिजणार आहे आणि मग तुझ्यासारखीच गप्प बसून स्वतःला दोष देत राहणार आहे. आठ-दहा वर्षांच्या मुलींना तुझी घटना सांगायची गरज नाही. एवढं सांग की कधीकधी भीतीने अंग हलत नाही, आवाज फुटत नाही, तसं झालं तरी तुमची काही चूक नाही, आणि नंतर घरी येऊन सांगायचं, लगेच नाही जमलं तर आठवड्याने सांगायचं, महिन्याने सांगायचं. मग खुर्च्या मांडा. मुलींच्या पालकांना आधी कल्पना दे, सरांना किंवा दुसऱ्या एखाद्या मोठ्या बाईला हॉलमध्ये बसव आणि पहिले काही शनिवार नुसता आवाजाचाच सराव घे. लहान मुलींचा आवाज मोठ्यांपेक्षा लवकर मोकळा होतो, तो ऐकून तुझाही होईल.

आणि ती बस. तू चालत जातेस ते मला समजतं, पण जितके दिवस ती टाळशील तितकी ती मोठी होत जाईल. या रविवारी दुपारी, गर्दी नसताना, रूममेटला बरोबर घे. तिला कारण सांगावंसं वाटलं तर सांग, नाही तर ‘चल गं जरा’ म्हण. त्याच मार्गाची बस पकडा. त्या दिवशी जिथे उभी होतीस साधारण तिथेच दांडा धरून उभी राहा, पाय थोडे फाकवून, गुडघे सैल, पाठ खिडकीकडे. दोन स्टॉप झाले की उतरा, समोरून परतीची पकडा. पुढच्या रविवारी चार स्टॉप. मग एकदा संध्याकाळच्या वेळी, तिच्याबरोबरच. एकटीने कधी जायचं ते तुझं तुला कळेल. गेलीस की मला दोन ओळी लिही.

— तुझी ताई